आधारप्रतीचा प्रश्न

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मराठीचे अध्यापन करीत असताना आम्हांला एक अनुभव वारंवार आला आहे. ‘ज्ञानेश्वरी’तील वेचा वाचायला घेतला, की एखादा विद्यार्थी मध्येच म्हणतो, “सर, आमच्या पोथीत हा शब्द वेगळा आहे.” गावच्या हरिनाम सप्ताहात ज्या पोथीचे पारायण होते, तिचा पाठ त्याच्या कानांत मुरलेला असतो. एकदा एका विद्यार्थिनीने घरच्या पोथीवरून क्रमिक पुस्तकातील वेचा पेन्सिलीने ‘दुरुस्त’ करून आणला. काम काळजीपूर्वक केलेले होते. परंतु काही शब्द इथले, काही तिथले असा जो तिसराच पाठ तयार झाला, तो बहुधा कोणत्याही हस्तलिखितात सापडला नसता. तसे सांगताच तिने विचारले, “मग दुरुस्ती कशावर करायची?”

हा प्रश्न केवळ पोथ्यांचा नाही. संगणकाच्या जगात तो रोज उभा राहतो. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये आरंभलेल्या ‘लिनक्स’ या मुक्त प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, जगभरचे लोक दुरुस्त्या पाठवीत असतात. अशा दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणतात. तीत संपूर्ण संहिता नसते. वगळलेल्या ओळी, घातलेल्या ओळी आणि ठिकाण ओळखता यावे म्हणून आजूबाजूच्या थोड्या ओळी, एवढेच असते. आपल्या शुद्धिपत्रासारखाच हा प्रकार. शुद्धिपत्र एका आवृत्तीचे आणि पुस्तक दुसऱ्या आवृत्तीचे असले, की जो घोटाळा होतो तोच इथेही होतो: दुरुस्ती बसत नाही, किंवा भलत्याच जागी बसते. म्हणून तेथे संकेत रूढ झाले. सर्वसाधारण दुरुस्ती टॉरवाल्ड्स यांच्या मुख्य प्रतीवर बेतावी. एखाद्या विभागापुरते काम असेल, तर तो विभाग सांभाळणाऱ्याची प्रत घ्यावी. आणि वाटेतली कोणतीही अर्धवट अवस्था न घेता क्रमांक देऊन जाहीर झालेली आवृत्ती आधाराला धरावी. टॉरवाल्ड्स यांनीच 2005 मध्ये सुरू केलेल्या ‘गिट’ या साधनात आता पॅचच्या तळाशी आधारप्रतीची नेमकी खूण नोंदविण्याचीही सोय आहे.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हा प्रश्न प्रथम ठळकपणे दिसतो तो एकनाथांच्या कार्यात. शके 1212, म्हणजे 1290 मध्ये सिद्ध झालेला ग्रंथ पुढील सुमारे तीनशे वर्षे हातोहात उतरविला गेला. त्यात पाठांतरे शिरली. शके 1506, म्हणजे 1584 मध्ये एकनाथांनी तो शुद्ध केला आणि यापुढे त्यात स्वतःची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणे होय, असा इशारा दिला. आजच्या भाषेत बोलायचे, तर त्यांनी एक आवृत्ती निश्चित करून तिचे दार लावून घेतले. वारकरी समाजाला त्यामुळे एक सामाईक पोथी लाभली. मात्र कोणत्या प्रती समोर होत्या आणि कोठे काय बदलले, याची नोंद त्यांनी ग्रंथाच्या शेवटी जोडलेल्या ओव्यांत नाही.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 1909 साली उलट दिशेने पाऊल टाकले. एकनाथपूर्व म्हणून त्यांनी मानलेली एक जुनी पोथी आधाराला घेऊन त्यांनी ‘ज्ञानेश्वरी’ छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. आधार स्पष्टपणे सांगितलेला होता. पण ती मूळ पोथी पुढील अभ्यासकांना पडताळणीसाठी उपलब्ध राहिली नाही, आणि त्यामुळे तिच्याविषयीचे वाद मिटविण्याचे साधनच हरपले.

या दोन्ही अडचणींचे उत्तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात शोधले गेले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 मध्ये सुरू होऊन 1966 मध्ये पूर्ण झाले. 1,259 हस्तलिखिते तपासली गेली. वि. स. सुखटणकर यांनी 1925 मध्ये प्रमुख संपादकपद स्वीकारले. पाठ जुळविण्यासाठी प्रचलित संहिता कागदाच्या माथ्यावर लिहून तिच्याखाली प्रत्येक हस्तलिखितातील फरक अक्षरागणिक नोंदविला जाई. ही प्रचलित संहिता मुख्यतः नीलकंठ चतुर्धर यांच्या सतराव्या शतकातील टीकेबरोबर रूढ झालेली. ती केवळ मोजपट्टी होती. प्रमाण पाठ नव्हता. प्रमाण ठरविताना उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील स्वतंत्र परंपरांची एकवाक्यता पाहिली गेली, काश्मीरच्या शारदा लिपीतील प्रतींना विशेष वजन दिले गेले. जेथे खात्री नव्हती तेथे शब्दांखाली नागमोडी रेघ आली आणि नाकारलेले पाठ त्याच पानाच्या तळाशी छापले गेले. संपादकाचा निर्णय ज्याला पटत नाही, त्याला तो उलटविण्याची सामग्री त्याच पानावर मिळते.

ज्याच्यावर दुरुस्ती करायची तो आधार सर्वांत जुना असावा की सर्वांत प्रचलित, या वादाचा निकाल प्रत्येक ग्रंथाला वेगळा लागेल. आधाराचे नाव सांगितलेले असावे आणि तो इतरांना पाहता यावा, या दोन अटी मात्र कोठेही सुटत नाहीत.

आता आम्ही वर्गात वेचा देताना माथ्यावर संपादक, आवृत्ती आणि साल लिहितो. विद्यार्थ्यांच्या घरच्या पोथीतील शब्द खोडून न टाकता समासात नोंदवायला सांगतो, सोबत पोथीचे गावही. जीर्ण झालेल्या पोथ्या अनेक घरांतून नदीत विसर्जित होतात. त्यांच्याबरोबर एखादा पाठही कायमचा जातो. त्या विद्यार्थिनीचे पेन्सिलीने भरलेले पान आमच्याकडे आहे. ती पोथी कोणत्या छापखान्याची होती, हे मात्र त्या दिवशी विचारायचे आम्हीच विसरलो.