त्या सप्टेंबरचं खरं

१९९४च्या सप्टेंबरात सुरत रिकामी झाली. तापीचा पूर नुकताच ओसरला होता, १८ तारखेला गणपतींचं विसर्जन झालं, आणि दोन-तीन दिवसांतच वेड रोडच्या वस्तीतली माणसं ताप-खोकला घेऊन सिव्हिल हॉस्पिटलात जाऊ लागली. काही परत आलीच नाहीत. फुप्फुसाचा प्लेग, असं जाहीर झालं. टेट्रासायक्लिन दुकानांतून संपलं. काही लाख माणसं मिळेल त्या गाडीने निघून गेली. दवाखान्याला कुलूप लावून गेलेले डॉक्टरही त्यांत होते.

आमचं घर सुरतेतल्याच उधन्यात. आबा नंदुरबारकडचे, लूमच्या खात्यात कामाला. पोरांना घेऊन ते भुसावळच्या गाडीत बसले आणि आजी मागे राहिली, इथपर्यंत घरात एकमत आहे. पुढचं ज्याचं त्याचं. आबा सांगायचे, हात धरून ओढलं तरी ती उंबरा सोडेना. शेजारीण तापाने फणफणली होती, तिच्या तान्ह्याला कोण बघणार? थोरली आत्या म्हणते, ओढाताण झालीच नाही. आबांनी पिशवी भरली आणि आजीने मुकाट्याने त्यांच्या खिशात पैसे घातले. काका सांगतात, आजी फलाटापर्यंत आली होती, गर्दीत मागे पडली. आजीला विचारलं की ती "माले काय माहीत?" म्हणते आणि मेथी निवडत बसते.

शहरालाही असाच प्रश्न पडला होता. तो प्लेग होता की दुसरंच काही, यावर डॉक्टर वर्षानुवर्षं भांडले. शेवटी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जंतूंची जनुकीय तपासणी केली आणि २००० साली तो प्लेगचाच जंतू असल्याचं मांडलं. हे ठरणं गरजेचंच होतं. मेलेल्यांत खानदेशातून, मराठवाड्यातून पोट भरायला आलेले बरेच होते आणि रोग यांनीच आणला असं उघड बोललं जाई. तुंबलेली गटारं, न उचललेला कचरा आणि एका खोलीत दाटीवाटीने राहणारी माणसं, यांचा हिशेब मागायचा तर आधी रोगाचं नाव पक्कं हवं. १९९५मध्ये महापालिका आयुक्त म्हणून एस. आर. राव आले आणि शहर झाडून निघालं, पण ते माणसं गेल्यावर.

घरातल्या प्रश्नाला मात्र मी तो न्याय लावत नाही. आबा परतल्यापासून पुढची सगळी वर्षं संध्याकाळचा चहा तेच करत. आजीची कपबशी आधी भरत, बशीत ओतून निववत, तिच्या हातात देत आणि ती प्यायला लागली की मग स्वतःचा कप उचलत. खात्यात राबून आलेला, एरवी पाण्याचा तांब्याही हाताने न घेणारा माणूस. ही माफी होती, कृतज्ञता होती की नुसती सवय, हे त्या दोघांनाच ठाऊक. आबा गेले, आणि त्यांच्या मागे आजीकडून कबुली काढून घेण्याचा हक्क मला आहे असं मला वाटत नाही.

वेड रोडच्या माणसांचं तसं नाही. तुमच्या घरात त्या दिवसांत सुरतेत असलेलं कुणी असेल, तर त्यांच्याजवळ बसा. शेजारपाजारचं कोण गेलं, कुठल्या गावचं होतं, काय काम करत होतं, ते विचारा आणि नावागावासकट लिहून ठेवा. सांगणारी माणसं आता सत्तरी ओलांडून गेली आहेत.