112 : हँडसेटमध्ये आधी आलेला नंबर

जीएसएम पद्धतीच्या मोबाइलवर 112 दाबून हिरवे बटण दाबले, की हँडसेट हा आकडा इतर नंबरांसारखा टॉवरकडे पाठवत नाही. तो 112 ओळखतो आणि ‘हा आपत्कालीन कॉल आहे’ एवढाच वेगळ्या जातीचा संदेश जाळ्याकडे धाडतो. कोणाला फोन लावायचा, हे त्या संदेशात नसते. ते जाळ्याने ठरवायचे असते आणि ते ठरते कॉल कोणत्या टॉवरवर आला त्यावरून. नवी मुंबईतील कोपरखैरण्यात उभ्या असलेल्या माणसाने 112 लावला तर तो कोठल्या शहरातला आहे हे त्याने सांगण्याआधीच टॉवरने बहुधा सांगितलेले असते. आपल्या कंपनीची रेंज नसेल तर फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरचा आधार घेतो. पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असे दिसते ते याच अवस्थेत. गर्दीत जाळे तुंबले तर साध्या कॉलांना अडवून या कॉलला वाट देण्याची सोयही मूळ नियमावलीत आहे. ही सारी व्यवस्था युरोपात आखली गेली आणि हँडसेटच्या पोटात बसून भारतात आली. येथे सरकारने 112 हा नंबर अधिकृत केला तो त्यानंतर सुमारे 20 वर्षांनी.

संकटासाठी वेगळा नंबर ही कल्पना मोबाइलच्या बरीच आधीची. नोव्हेंबर 1935 मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पाच स्त्रिया मरण पावल्या. शेजाऱ्याने अग्निशमन दलासाठी फोन उचलला होता, पण एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरने उचलेपर्यंत त्याला इतर कॉलांच्या रांगेत थांबावे लागले. त्याने याबद्दल वृत्तपत्राला पत्र लिहिले, चौकशी झाली आणि 30 जून 1937 रोजी लंडनमध्ये 999 सुरू झाला. या नंबराचा कॉल आला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे. नऊचा आकडा निवडण्यामागे तांत्रिक कारण होते. तारा एकमेकींना लागल्या की 111 आपोआप लागण्याची भीती असे, आणि नाणे न टाकता 9 फिरवता येईल एवढा बदल सार्वजनिक फोनच्या तबकडीत सहज करता येत होता. अमेरिकेत 911 चा पहिला कॉल 16 फेब्रुवारी 1968 रोजी अलाबामातील हेलिव्हिल या छोट्या गावी झाला.

भारताने एक नंबर न ठेवता तीन ठेवले : पोलिसांसाठी 100, अग्निशमन दलासाठी 101, रुग्णवाहिकेसाठी 102. येथील क्रमांक-योजनेत 1 ने सुरू होणारे आकडे विशेष सेवांसाठी राखलेले असतात, ग्राहकाचा नंबर 1 ने सुरू होत नाही. म्हणून हे तिन्ही त्या पंक्तीत बसले. ‘शंभर नंबरला फोन लाव’ हे वाक्य महाराष्ट्रात इतके रुजले की 100 लक्षात ठेवण्यासाठी कोणाला पाठांतर करावे लागले नाही. 101 आणि 102 यांना तेवढे भाग्य लाभले नाही, आणि आग लागल्यावरही पहिला फोन शंभरलाच करणारे पुष्कळ होते. पुढे या पंक्तीत भर पडत गेली. मुलांसाठीची 1098 ही सेवा 1996 मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. महिलांसाठी 1091 आला, मुंबई पोलिसांनी 103 दिला, महापालिकेच्या आपत्ती कक्षाने 1916 घेतला. प्रत्येक नंबर चांगल्या हेतूने निघाला. पण घाबरलेल्या माणसाला यांतला नेमका निवडायला लावणे हा त्याच्यावर अन्यायच होता.

तारेच्या फोनला एक गुण होता : त्याचे दुसरे टोक भिंतीत असे. कोणत्या घरातून कॉल आला हे एक्स्चेंजला शोधता येई, आणि 100 फिरवला की तो त्या एक्स्चेंजच्या हद्दीतल्या पोलीस नियंत्रण कक्षातच वाजे. नवी मुंबईत या हद्दी सरळ नव्हत्या. ती वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 मध्ये झाली आणि कोपरखैरणे, बोनकोडे, खैरणे या आगरी-कोळी गावांभोवती पुढे सेक्टर उभे राहिले, माथाडी कामगारांसाठी बैठ्या घरांच्या रांगा बांधल्या गेल्या. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार 1 जानेवारी 1992 रोजी सुरू झाला. पोलीस आयुक्तालयही मुंबईहून वेगळे. दूरध्वनीच्या नकाशात मात्र नवी मुंबई मुंबईच्याच क्षेत्रात राहिली. तोच 022, तोच एमटीएनएल, आणि पुढे मोबाइल कंपन्यांचे परवाना क्षेत्रही तेच ‘मुंबई’. पोलिसांच्या हद्दी आणि टेलिफोनच्या हद्दी यांचा मेळ नसणे तारेच्या काळात खपून गेले. मोबाइलच्या काळात ते अडचणीचे झाले, कारण टॉवरच्या लहरी हद्द पाळत नाहीत. ठाणे खाडीच्या काठावरचा फोन उघड्या पाण्यावरून आलेला पलीकडच्या किनाऱ्याचा सिग्नल पकडू शकतो. तसे झाले तर 100 लावणारा कोपरखैरण्यात आणि घंटा मुंबईच्या कक्षात, असा प्रकार होतो.

युरोपात दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. 1 जुलै 1991 रोजी फिनलंडमध्ये जीएसएम जाळ्यावरचा पहिला सार्वजनिक कॉल झाला आणि 29 जुलै 1991 रोजी युरोपीय समुदायाने सर्व सदस्य देशांसाठी 112 हा समान आपत्कालीन नंबर ठरवला. प्रवासी दुसऱ्या देशात गेला तरी त्याला एकच नंबर आठवावा हा हेतू. देश बदलला तरी तोच हँडसेट चालावा हा जीएसएमचा हेतू होता, तेव्हा 112 त्याच्या नियमावलीत जाऊन बसला हे स्वाभाविकच. सिमकार्डात आपत्कालीन नंबरांची एक छोटी यादी ठेवण्याचीही सोय झाली, म्हणजे एखाद्या देशातील कंपनी आपला 100 किंवा 999 त्यात भरू शकते आणि फोन त्यालाही 112 सारखेच वागवतो. सिमच नसलेल्या फोनवरून आलेला कॉल घ्यायचा की नाही, हे त्या-त्या देशावर सोडले गेले. थट्टेच्या कॉलांना कंटाळून जर्मनीने 1 जुलै 2009 पासून असे कॉल बंद केले, कारण सिम नसलेल्या फोनला नंबर नसतो आणि उलट फोन करून खात्री करता येत नाही.

भारतातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 रोजी कोलकात्याहून दिल्लीला झाला. त्याच वर्षी मुंबईत बीपीएल आणि मॅक्सटच या कंपन्या उतरल्या. त्यांचे हँडसेट जीएसएमचे, म्हणून 112 ओळखणारे. ते विकत घेणाऱ्यांना अर्थातच शंभर नंबर माहीत होता, पोटातल्या 112 ची खबर नव्हती. येणाऱ्या कॉललाही पैसे पडत त्या काळात मोबाइल हे थोड्यांचे साधन होते.

तो बहुतांचा झाला त्यात कोपरखैरण्याचा थेट वाटा आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून, म्हणजे स्थानिकांच्या तोंडी ‘डीएकेसी’तून, रिलायन्स इन्फोकॉमच्या देशभरच्या जाळ्यावर देखरेख होत असे. ही सेवा 28 डिसेंबर 2002 रोजी जाहीर झाली आणि 1 जुलै 2003 च्या ‘मान्सून हंगामा’ योजनेत 501 रुपये भरून हँडसेट घरी नेता येऊ लागला. ही सेवा सीडीएमए पद्धतीची होती. त्या फोनमध्ये सिमकार्ड नसे, नंबर हँडसेटमध्येच कोरलेला असे, आणि त्यांची नियमावली अमेरिकी वळणाची होती. भारतीयांच्या हातात अशा तऱ्हेने दोन घराण्यांचे फोन आले. दोन्हींवर चालेल याची खात्री देता येईल असा नंबर 100 च होता.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मोबाइलवर विसंबलेल्या शहराला त्याची मर्यादा कळली. वीज गेली, टॉवर बंद पडले. पुढच्या वर्षी 11 जुलैला उपनगरी गाड्यांत बॉम्बस्फोट झाले तेव्हा टॉवर चालू होते, पण सगळे जण एकाच वेळी घरी फोन लावत असल्याने जाळी तुंबली. या दोन बिघाडांत फरक आहे. तुंबलेल्या जाळ्यात आपत्कालीन कॉलला वाट काढून देता येते. विजेविना बंद पडलेल्या टॉवरपुढे कोणताही अग्रक्रम चालत नाही.

रुग्णवाहिकेच्या बाबतीत महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. हैदराबादेत 15 ऑगस्ट 2005 रोजी सुरू झालेला 108 हा नंबर एकेका राज्याने उचलला, आणि महाराष्ट्रात तो 2014 च्या प्रजासत्ताक दिनी 937 रुग्णवाहिकांसह आला. गाडीत डॉक्टर असणे हे येथील योजनेचे खास वैशिष्ट्य. सर्व राज्याचे कॉल पुण्यात औंधला घेतले जातात. त्यामुळे कोपरखैरण्यातल्या एका अपघातासाठी तीन ठिकाणी फोन करावे लागत : 100 बेलापूरला आयुक्तालयाकडे, 101 महापालिकेच्या अग्निशमन दलाकडे, 108 पुण्याला. त्यातही आग ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे एमआयडीसीच्या पट्ट्यात असेल तर तेथले बंब महामंडळाचे. कारखाना आणि वस्ती यांच्यामध्ये येथे एका रस्त्याचे अंतर आहे. धूर दिसणाऱ्याने आधी हद्द ओळखावी, ही अपेक्षाच चुकीची होती.

एकाच नंबराची गरज देशाला पटली ती डिसेंबर 2012 मधील दिल्लीच्या अत्याचार प्रकरणानंतर. 2013 च्या अर्थसंकल्पात निर्भया निधी उभारला गेला. 7 एप्रिल 2015 रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, एका समान नंबराची शिफारस केली आणि त्यासाठी 112 सुचवला. हँडसेट तो आधीच ओळखत होते हे याचे मोठे बळ. नवा आकडा निवडला असता तर कोट्यवधी फोनांना तो शिकवावा लागला असता. केंद्राने निर्भया निधीतून या योजनेला 321.69 कोटी रुपये मंजूर केले.

22 एप्रिल 2016 रोजी निघालेले नियम याहून धीट होते. 1933 च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याच्या आधारे सरकारने हँडसेट बनवणाऱ्यांनाच बांधून घेतले. बटणांच्या साध्या फोनमध्ये 5 किंवा 9 हे बटण दाबून धरले की आपत्कालीन कॉल गेला पाहिजे. स्मार्टफोनमध्ये पॉवरचे बटण झटपट तीनदा दाबून. अंमलाची तारीख ठरली 1 जानेवारी 2017, आणि उपग्रहावरून ठिकाण कळण्याची सोय वर्षभराने. आयफोनमध्येही ‘भारतात तीनदा’ असा खास अपवाद आला, इतरत्र तेच बटण पाचदा दाबावे लागते. साध्या फोनसाठी 5 निवडणे नीट विचार करून केलेले दिसते : त्या बटणावर बोटाला लागणारा बारीक उंचवटा असतो, त्यामुळे अंधारात, खिशात किंवा पदराआड ते न बघता सापडते. हाच गुण दोषही ठरतो, कारण खिशात दाब पडून नकळत कॉल जातात आणि पलीकडच्याला प्रत्येक निःशब्द कॉल खरा धरूनच पुढचे पाऊल टाकावे लागते. जुलै 2017 मध्ये जाहीर झालेल्या जिओफोनमध्येही संकटासाठी 5 चेच बटण होते. जिओच्या जाळ्यात टूजी नसल्याने तेथे आपत्कालीन कॉलही इंटरनेटच्या पाकिटांतून, व्होल्टीनेच, जातो.

राज्यांपैकी हिमाचल प्रदेशाने 28 नोव्हेंबर 2018 रोजी सर्वांत आधी 112 सुरू केला. महाराष्ट्रात तो 2021 मध्ये आला. राज्याचे प्राथमिक संपर्क केंद्र नवी मुंबईत आणि दुसरे नागपुरात, म्हणजे एक कोलमडले तर दुसऱ्याने भार घ्यावा अशी योजना. गडचिरोलीच्या गावातला कॉलही आता नवी मुंबईत येऊ शकतो, आणि कोपरखैरण्यातला कॉल आधी राज्याच्या केंद्रात जाऊन मग स्थानिक पोलिसांकडे उतरतो. केंद्रातील कर्मचारी माहिती संगणकात भरतो, ती त्या जिल्ह्याच्या किंवा आयुक्तालयाच्या कक्षाकडे जाते, तेथून जवळच्या गाडीतील मोबाइल डेटा टर्मिनलवर. पोहोचल्याची आणि काम संपल्याची नोंदही त्याच यंत्रावर होते, त्यामुळे किती मिनिटे लागली हे झाकता येत नाही. जुन्या पद्धतीत कक्षातला हवालदार कागदावर लिहून घेई आणि बिनतारी संदेशावरून गाडीला सांगे. 100 बंद झालेला नाही. तो लावला तरी मदत मिळावी अशी सोय ठेवली आहे, आणि लोकांची सवय पाहता ते योग्यच आहे.

तारेच्या फोनचे टोक भिंतीत होते. मोबाइलचे ठिकाण अंदाजानेच काढावे लागते. टॉवरवरून मिळणारे ठिकाण दाट वस्तीत काहीशे मीटरचे असते, उघड्यावर त्याहून कितीतरी मोठे. उपग्रहाचा वेध घेतला तर काही मीटरपर्यंत नेमकेपणा येतो, पण घराच्या आत, स्लॅबखाली तो वेध कमकुवत होतो. त्यावर इंग्लंडमध्ये 2014 मध्ये निघालेला तोडगा असा : आपत्कालीन कॉल लागताच फोनने स्वतःच उपग्रह, वाय-फाय आणि टॉवर यांवरून आपले ठिकाण काढायचे आणि ते केंद्राला पाठवायचे. अँड्रॉइडने ही पद्धत 2016 मध्ये घेतली, आयफोनने 2018 मध्ये. मात्र फोनने पाठवलेले घेणारी यंत्रणा केंद्राकडेही लागते. महाराष्ट्रात कॉलचे ठिकाण मोबाइल कंपन्यांकडून मागवले जाते, आणि ‘112 इंडिया’ हे अॅप फोनमध्ये असेल तर त्यातूनही ते जाते.

कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांच्या सेक्टरांत ही उणीव ठळकपणे जाणवते. सिडकोने बांधलेल्या तळमजल्यांवर आता दोन-तीन मजले चढले आहेत, भिंतीला भिंत लागून घरांच्या ओळी आहेत, आणि दोन ओळींमधल्या गल्लीत दोन्ही बाजूंना दुचाक्या उभ्या असतात. टॉवरच्या अंदाजात अशा कितीतरी गल्ल्या मावतात आणि उपग्रह उंची नेमकी सांगत नाही, म्हणून दुसरा मजला की तिसरा हे पडद्यावर उमटत नाही. 112 चा कर्मचारी फोन घेतल्यावर नेमके काय घडले हे विचारतो आणि लगेच सेक्टर, घर नंबर, मजला व जवळची ठळक खूण विचारतो ते यासाठीच. आणि कॉल तुटला तर याच कारणाने त्या नंबरावर उलट फोन करतो.