परसातली दुर्बीण आणि आकाशाचे छायाचित्र

खगोलशास्त्राचा इतिहास शिकताना तुमच्यासमोर सहसा मोठ्या वेधशाळांची नावे येतात. ग्रिनिच, पॅरिस, पुलकोवो, आपल्याकडे मद्रास आणि कोडाईकनाल. या पाठात मात्र आपण एका घराच्या बागेपासून सुरुवात करणार आहोत. बाग लंडनच्या पश्चिमेकडील ईलिंग या उपनगरातली. ३० जानेवारी १८८३ च्या रात्री तिथे अँड्र्यू एन्स्ली कॉमन यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. काच दुर्बिणीत ३७ मिनिटे उघडी होती. ती धुतल्यावर असे दिसले की मोठ्या दुर्बिणीला डोळा लावूनही जे अंधूक तारे दिसत नव्हते, ते या काचेवर उमटले आहेत. डोळ्याला जे कधीच दिसणार नाही ते काचेला दिसू शकते, हे त्या छायाचित्राने लोकांना पटवून दिले.

कॉमन हे खगोलशास्त्राचे प्राध्यापक नव्हते, कोणत्याही वेधशाळेच्या नोकरीतही नव्हते. त्यांचा व्यवसाय घरांच्या आणि इमारतींच्या सांडपाणी-व्यवस्थेचा. दिवसा नळ आणि गटारे, रात्री तेजोमेघ. असे का घडले, हा आपला प्रश्न आहे. आकाशाचे छायाचित्रण ही विद्या तिच्या पहिल्या पन्नास वर्षांत इतक्या मोठ्या प्रमाणावर हौशी लोकांच्या हातांत का वाढली?

वेधशाळा काय करत होत्या

एकोणिसाव्या शतकातील सरकारी वेधशाळांचे मुख्य काम ताऱ्यांची स्थाने मोजण्याचे होते. जहाजांना दिशा हवी होती, रेल्वे आणि तारखात्याला वेळ हवी होती, नकाशे काढणाऱ्यांना अक्षांश-रेखांश हवे होते. त्यासाठी उत्तम भिंगांच्या, भक्कम खांबांवर बसवलेल्या दुर्बिणी लागत. अमुक तेजोमेघ कसा दिसतो याची चौकशी करायला या संस्थांकडे ना सवड होती, ना हुकूम.

तेजोमेघाचे वर्णन करायचे तर हाताने चित्र काढावे लागे. आयर्लंडमधील लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये ७२ इंची धातूचा आरसा असलेली प्रचंड दुर्बीण उभारली आणि एका तेजोमेघाचा सर्पिल आकार चितारला. चित्र सुंदर होते. पण दोन निरीक्षकांनी काढलेली एकाच तेजोमेघाची चित्रे एकमेकांशी जुळत नसत. मग तेजोमेघ बदलला की चितारणारा हात वेगळा होता, हे ठरवायचे कसे? साधनांची चिकित्सा तुम्ही पद्धतिशास्त्राच्या पाठात शिकलाच असाल. ती अडचण इथे जशीच्या तशी उभी होती.

छायाचित्रणाने हा पेच सुटेल अशी आशा होती, पण सुरुवातीच्या काचा फारच मंद होत्या. १८४० मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपर यांनी चंद्राचे छायाचित्र घेतले. १८५० मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेत अभिजित ताऱ्याची प्रतिमा मिळाली. १८५१ नंतर ओल्या कलोडियनची पद्धत आली. तिच्यात काच ओली असेपर्यंतच काम उरकावे लागे, म्हणजे जेमतेम दहा-पंधरा मिनिटांत. कागद आणि छपाईच्या धंद्यातले वॉरन द ला रू यांनी याच पद्धतीने चंद्राची उत्तम छायाचित्रे घेतली. १८६० च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ते स्पेनला गेले आणि ग्रहणात दिसणाऱ्या लालसर ज्वाला चंद्राच्या नसून सूर्याच्याच आहेत, हे छायाचित्रांनी दाखवून दिले. सूर्य आणि चंद्र तेजस्वी, त्यामुळे तिथे हे जमले. तेजोमेघासाठी दहा मिनिटे पुरणार नव्हती.

खरा फरक पडला तो कोरड्या काचेने. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७१ मध्ये जिलेटिनचा लेप सुचवला आणि काही वर्षांतच अशा काचा बाजारात तयार मिळू लागल्या. दुकानातून डबा आणायचा आणि काच हवी तितका वेळ उघडी ठेवायची. हौशी माणसाच्या दृष्टीने हे किती मोठे आहे याचा विचार करा. आधी दुर्बिणीशेजारी प्रयोगशाळाच थाटावी लागत होती. आता अंधारी खोली आणि दोन-चार तबके पुरेशी झाली.

३७ मिनिटे म्हणजे किती

पृथ्वी फिरते म्हणून आकाश ताशी १५ अंशांनी सरकताना दिसते. ३७ मिनिटांत ते सुमारे सव्वानऊ अंश सरकते, म्हणजे जवळपास अठरा पूर्णचंद्र एकापुढे एक ठेवले तर जेवढे होईल तेवढे. कॉमन यांच्या ३६ इंची आरशाचे नाभीय अंतर साडेसतरा फूट होते. दुर्बीण जागीच स्थिर ठेवली असती, तर काचेवरची प्रतिमा दर सेकंदाला एक तृतीयांश मिलिमीटरपेक्षा जास्त घसरली असती. म्हणून ही कित्येक मण वजनाची दुर्बीण घड्याळी यंत्राने ताऱ्यांच्या मागोमाग, जराही गचका न देता फिरवावी लागे.

इथे कॉमन यांच्यातला अभियंता कामाला आला. दुर्बिणीचा मुख्य आस त्यांनी पोकळ केला आणि पाऱ्यात अंशतः तरंगता ठेवला, म्हणजे घर्षण कमी होईल आणि घड्याळी यंत्राला ती सहज ओढता येईल. आरसा त्यांनी जॉर्ज कॅल्व्हर या कुशल कारागिराकडून घडवून घेतला होता. तो काचेचा होता, वर चांदीचा पातळ थर. रॉस यांच्या धातूच्या आरशापेक्षा हलका, आणि चांदी काळवंडली की पुसून नवा थर देता येणारा. वेधशाळांचा तेव्हा भिंगांच्या दुर्बिणींवर भरवसा होता. आरशाच्या दुर्बिणी म्हणजे हौशी लोकांचे लाडके खेळणे, असाच साधारण समज. छायाचित्रणाला आरसाच सोयीचा, कारण सगळे रंग तो एकाच ठिकाणी आणतो. हे आधी या खेळणेवाल्यांच्या ध्यानात आले.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की मृगाच्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र कॉमन यांचे नव्हे. ते ३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी, सुमारे ५० मिनिटे काच उघडी ठेवून घेतले. हेन्री हे चंद्राचे छायाचित्र घेणाऱ्या जॉन ड्रेपर यांचे चिरंजीव, पेशाने वैद्यकाचे प्राध्यापक. त्यांची भिंगाची दुर्बीण ११ इंची. कॉमन यांचा आरसा तिच्यापेक्षा साधारण अकरा पट प्रकाश गोळा करणारा. ड्रेपर १८८२ च्या नोव्हेंबरमध्ये वारले. त्यांच्या निरीक्षणांत पत्नी ॲना ड्रेपर यांची कायम साथ असे, आणि पतीच्या निधनानंतर त्यांनीच हार्वर्डला पैसा दिला. त्यातून ताऱ्यांच्या वर्णपटांची जी प्रचंड सूची तयार झाली, ती ॲनी जंप कॅनन आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांच्या श्रमाची. सूचीला नाव मात्र हेन्री ड्रेपर यांचे आहे.

१८८४ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने कॉमन यांना सुवर्णपदक दिले. कॉमन मात्र स्वस्थ बसणारे नव्हते. त्यांनी ३६ इंची दुर्बीण विकली आणि पाच फुटी आरसा स्वतः घासायला घेतला. तो त्यांच्या मनासारखा कधीच उतरला नाही, आणि पुढे त्यांचे लक्ष तोफा-बंदुकांच्या दूरदर्शी नेमसाधनांकडे वळले.

विकलेल्या दुर्बिणीची कथा जास्त रंजक आहे. ती हॅलिफॅक्सच्या एडवर्ड क्रॉसली यांनी घेतली. घराणे गालिच्यांच्या कारखानदारांचे, पैशाला तोटा नाही, पण हॅलिफॅक्सचे आकाश धुराचे आणि ढगांचे. शेवटी १८९५ मध्ये त्यांनी ती कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेला भेट दिली. तिथे १८९८ पासून जेम्स कीलर यांनी तिच्यावर छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली आणि काचेमागून काच नवे सर्पिल तेजोमेघ दाखवू लागली. तिच्या आवाक्यातल्या तेजोमेघांची संख्या कीलर यांनी १,२०,००० अशी अंदाजली. मोठ्या वेधशाळांनी पुढे आरशाच्या दुर्बिणी बांधल्या, त्यामागे ईलिंगच्या बागेतून आलेल्या या जुन्या यंत्राचा दाखला होता.

छायाचित्र बोलते का?

इथे थोडे थांबू. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ‘छायाचित्र खोटे बोलत नाही’ यावर विसंबू नये, आणि त्याचे चांगले उदाहरण आयझॅक रॉबर्ट्स यांचे आहे. रॉबर्ट्स लिव्हरपूलचे बांधकाम व्यावसायिक. १८८८ मध्ये त्यांनी आपल्या २० इंची दुर्बिणीने देवयानीतील तेजोमेघाची छायाचित्रे घेतली आणि त्याची सर्पिल रचना प्रथमच स्पष्ट दिसली. काच उत्तम होती. पण रॉबर्ट्स यांनी तिचा अर्थ असा लावला की वायूच्या फिरत्या चकतीतून एक नवी सूर्यमालाच जन्माला येत आहे. तेव्हाचा प्रचलित सिद्धान्त तसा होता, आणि चित्र त्यात चपखल बसले. ती सूर्यमाला नसून आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे, हे ठरायला १९२३ उजाडले. त्या वर्षी एडविन हबल यांना तिच्यात एक रूपविकारी तारा सापडला आणि अंतर मोजता आले. हबल यांच्याकडेही छायाचित्रेच होती. फरक असा की ते वेगवेगळ्या रात्रींच्या काचा एकमेकींशी ताडून पाहत होते.

रॉबर्ट्स यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट. पुढे ते ससेक्समधील क्रोबरो येथे राहायला गेले. तिथल्या रात्रींचे बरेचसे काम डब्ल्यू. एस. फ्रँक्स हे पगारी सहायक करत. ‘हौशी’ या शब्दाने फसू नका. व्हिक्टोरियन काळातला मोठा हौशी खगोलनिरीक्षक हा बहुधा मालक असे. दुर्बीण त्याची, नाव त्याचे, आणि कधीकधी थंडीत कुडकुडणारा मात्र दुसराच.

भारतात

आपल्याकडे असा मालकवर्ग या छंदाकडे फारसा वळला नाही. पैसा होता तो संस्थानिकांकडे, आणि तो आला देणगीच्या रूपाने. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकला आणि सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. त्याच जेऊरला लिक वेधशाळेची मोहीमही आली होती. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. तिची ग्रब कंपनीची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसावर उभी असलेली संस्था त्या माणसाबरोबर संपते, याचा हा दाखला पुण्याच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असतो.

मालक नसलेला हौशी निरीक्षक पाहायचा तर बंगालमध्ये जावे लागेल. राधागोविंद चंद्र हे जेस्सोरच्या सरकारी तिजोरीतले साधे कर्मचारी. १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू पाहून त्यांना गोडी लागली आणि पगारातून त्यांनी तीन इंची दुर्बीण मागवली. कॅमेरा, घड्याळी यंत्र, पाऱ्यात तरंगता आस यांतले त्यांच्याकडे काहीच नव्हते. म्हणून त्यांनी असे काम निवडले जे डोळ्याने होते: रूपविकारी ताऱ्यांची तेजस्विता शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून रोज नोंदवायची. जून १९१८ मध्ये गरुड नक्षत्रात उजळलेला नवतारा त्यांनी टिपला. अमेरिकेतील रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेला त्यांनी आयुष्यभरात ३७,००० हून अधिक नोंदी पाठवल्या, आणि १९२६ मध्ये त्या संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली. फाळणीनंतर ते बारासातला आले. ती दुर्बीण पुढे वेणू बाप्पू यांच्याकडे आणि अखेर तमिळनाडूतील कावलूरला पोहोचली. प्रवेशपरीक्षेत नापास झालेल्या माणसाची ही दुर्बीण!

काचेकडून चिपकडे

विसाव्या शतकात छायाचित्रणाचे मोठे काम पर्वतांवरच्या वेधशाळांकडे गेले. घरच्या दुर्बिणीला फिल्मची मर्यादा होती, कारण मंद प्रकाशात फिल्मची संवेदनशीलता वेळेबरोबर घटत जाते आणि दुप्पट वेळ देऊन दुप्पट चित्र मिळत नाही. १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. ती चिप स्वस्त होत घरोघरी पोहोचायला अजून दोन दशके लागली. तिच्यामुळे ३७ मिनिटे सलग धरून बसण्याची गरज संपली. आता अनेक छोटी छायाचित्रे घेऊन ती संगणकावर एकावर एक रचता येतात, आणि एखाद्या झटक्याने बिघडलेले तेवढेच फेकून देता येते.

कॅमेरे वाढले तसे आकाशाकडे लागलेले डोळेही वाढले. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली यांना घरच्या साडेचौदा इंची दुर्बिणीच्या चित्रात गुरूवर एक काळा डाग दिसला. काहीतरी गुरूवर येऊन आदळले होते, आणि हवाई बेटांवरच्या महाकाय दुर्बिणी त्यानंतर तिकडे वळल्या. २० सप्टेंबर २०१६ रोजी अर्जेंटिनातील रोझारिओ शहरात व्हिक्टर बुसो आपल्या १६ इंची दुर्बिणीला लावलेला नवा कॅमेरा तपासून पाहत होते. हे गृहस्थ व्यवसायाने कुलूप-किल्ल्यांचे कारागीर. चाचणीसाठी त्यांनी एनजीसी ६१३ ही दीर्घिका निवडली आणि एकामागून एक छोटी छायाचित्रे घेतली. सुरुवातीच्या चित्रांत काही नव्हते, पुढच्यांत एक ठिपका होता आणि तो उजळत गेला. ताऱ्याचा स्फोट त्याच्या पृष्ठभागावर येऊन फुटतो तो क्षण होता तो. दोन वर्षांनी ‘नेचर’मध्ये आलेल्या शोधनिबंधाच्या लेखकांत बुसो यांचेही नाव आहे.