७. ‘खाणीतला सांता’

इंग्लंडमध्ये नाताळाच्या आधी मुलांना सांताक्लॉजच्या भेटीला नेतात. तो सजवलेल्या कृत्रिम गुहेत बसतो. मूल त्याला मनातली इच्छा सांगते आणि छोटीशी भेट घेऊन परतते. लिव्हरपूलच्या लुईस या दुकानात १८७९ साली अशी पहिली गुहा उभी राहिली, असे मानतात. या लेखात लेखिका मुलाला घेऊन गेली ती जागा मात्र खरी कोळसा खाण आहे : यॉर्कशरमधील वेकफील्डजवळची कॅपहाउस. ती १९८५ मध्ये बंद पडली आणि १९८८ मध्ये तिथे संग्रहालय उघडले. नाताळात सांता तिथे जमिनीखाली सुमारे १४० मीटरवर भेटतो. ‘फोन, घड्याळ वरच काढून घेतले’ हा उल्लेख मिथेन वायूमुळे आहे. कोळसा खाणीत बॅटरीच्या ठिणगीनेही स्फोट होऊ शकतो.

पुढच्याच वाक्यातला ‘आमचा चिखला’ म्हणजे भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यातली मॉइल कंपनीची मँगनीज खाण. पोलाद बनवताना मँगनीज लागते. तालुक्यातलीच डोंगरी बुजुर्ग ही खाण उघडी, वरून दिसणारी. चिखल्याचे काम भूमिगत. ‘बाबा जिथे उतरत ते मी कधी पाहिले नाही’ हे लेखिकेचे वाक्य वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा. शिवाय भारतात १९५२ च्या खाण कायद्यानुसार लहान मुलांना चालू खाणीत उतरण्यास मनाई होती.