हमालांची वस्त्रे आणि कायद्याची रेषा

ज्यू धर्मशास्त्र म्हटलं की महाराष्ट्रात आपल्याला पहिल्यांदा आठवतात ते कोकणातले बेने इस्राएल. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून लोकांनी त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. कोणत्या दिवशी काम करायचे नाही हे त्यांच्या शास्त्राने ठरवून दिले आहे, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण उरलेल्या सहा दिवसांचे काय? मजुरी, नुकसानभरपाई, शेजार यांबद्दल हे शास्त्र काय सांगते? आज आपण एकाच तक्रारीच्या आधाराने ते पाहणार आहोत.

काळ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाचा, स्थळ बाबिलोनिया, म्हणजे आजचा इराक. 'राव' या नावाने ओळखले जाणारे आचार्य इ. स. २१९ च्या सुमारास पॅलेस्टाईनहून तिथे परतले आणि सुरा या गावी त्यांनी मोठे विद्यापीठ उभे केले. तालमूद या ग्रंथाच्या 'बावा मेत्सिया' या भागात त्यांच्यापुढे आलेली एक तक्रार नोंदलेली आहे.

रब्बा बार बार हाना नावाच्या एका पंडितांनी द्राक्षमद्याचा रांजण वाहून नेण्यासाठी हमाल लावले. हमालांच्या हातून रांजण फुटला. पंडितांनी भरपाई म्हणून त्यांची अंगावरची वस्त्रे काढून घेतली. हमाल रावांकडे गेले. राव म्हणाले, वस्त्रे परत करा. पंडितांनी विचारले, कायदा असा आहे काय? राव म्हणाले, होय. आणि सज्जनांच्या मार्गाने चालावे अशा अर्थाच्या नीतिसूत्रांतल्या वचनाचा त्यांनी आधार दिला. वस्त्रे परत मिळाली. मग हमाल म्हणाले, आम्ही गरीब माणसं, दिवसभर राबलो, भूक लागली आहे, हातात काही नाही. राव म्हणाले, यांची मजुरीही द्या. पंडितांनी पुन्हा तोच प्रश्न केला. रावांचे उत्तरही तेच: होय.

आता बघा, पंडितांचा प्रश्न खोटा नव्हता. मजुरी घेऊन काम करणाऱ्याने हलगर्जीपणाने नुकसान केले तर भरपाई त्याच्याकडून घ्यावी, हा या शास्त्राचाच नियम. मग राव 'होय' कसे म्हणतात?

इथे एक संकल्पना समजून घ्यावी लागते. तिचे हिब्रू नाव 'लिफ्नीम मिशुरात हादीन', म्हणजे शब्दशः 'कायद्याच्या रेषेच्या आत'. आपण मराठीत 'कायद्यापलीकडे जाऊन मदत केली' असे म्हणतो. इथे कल्पना वेगळी आहे. माझा हक्क जिथपर्यंत पोचतो तिथे एक रेषा आहे. त्या रेषेपर्यंत ताणायचा मला अधिकार आहे, पण मी अलीकडेच थांबतो. यात दान काहीच नाही, आपल्या हक्काला आपणच घातलेला आवर आहे.

तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणून आम्ही कांटकडून असे शिकलो की, बाहेरून सक्ती करता येते ते न्यायाचे कर्तव्य, करता येत नाही ते सद्गुणाचे. रावांचा निवाडा या दोन खान्यांपैकी एकातही नीट बसत नाही. म्हणूनच ज्यू पंडितांमध्ये त्यावर शतकानुशतके वाद झाला. तेराव्या शतकात जर्मनीतल्या मोर्देखाय बेन हिलेल यांच्या संग्रहात असे मत आहे की, न्यायमंडळ अशी सक्ती करू शकते. त्यांचेच समकालीन आशेर बेन येहिएल म्हणाले, सक्ती करता येणार नाही. कित्येकांनी असेही सुचवले की, रब्बा स्वतः पंडित होते, म्हणून त्यांच्याकडून जास्त अपेक्षा ठेवली गेली.

त्याच शतकात स्पेनमधले नाखमानिदीस यांनी वेगळ्या बाजूने उत्तर दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: माणसांचे सगळे व्यवहार कोणत्याही कायद्यात लिहून संपणार नाहीत. म्हणून तोरा काही नियम सांगते आणि नंतर एक सर्वसाधारण आज्ञा देते, की योग्य आणि चांगले ते करा. त्यांनी शेजाऱ्याच्या हक्काचे उदाहरण घेतले. जमीन विकायला निघाली तर लगतच्या शेतकऱ्याला ती घेण्याची पहिली संधी मिळावी, हा नियम तालमूदने याच आज्ञेतून काढला, आणि तो मात्र न्यायालयात चालतो! म्हणजे कालचा चांगुलपणा आजचा कायदा होऊ शकतो.

याची दुसरी बाजूही तालमूद सांगतो. इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेम उद्ध्वस्त केले. का? याची बरीच कारणे पुढे सांगितली गेली. रब्बी योहानान यांनी दिलेले कारण विलक्षण आहे: तिथले लोक काटेकोर कायद्यानेच निवाडा करत, रेषेच्या आत थांबत नसत. इतिहासकार हे कारण मानणार नाही, आणि बरोबरच आहे. पण बेकायदेशीर वागण्यामुळे शहर गेले असे ते म्हणत नाहीत, हे ध्यानात घ्या.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या हातून काचेचं मोठं भांडं फुटलं. महिनाअखेरीस आम्ही त्याचे पैसे पगारातून कापले. आधी तसं सांगितलेलं होतं, त्यामुळे त्या काही बोलल्या नाहीत. आमचा हिशोब चोख होता. पुढे हा उतारा वर्गात शिकवायची वेळ आली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, पंडितांनी दोनदा तोच प्रश्न का विचारला? पहिल्या उत्तरात कळलं नव्हतं का?"

त्या दिवशी आम्ही तिला तालमूदच्या शैलीबद्दल काहीतरी सांगितलं. खरं उत्तर आम्हाला घरी ठाऊक होतं. वस्त्रं परत करणं सोपं असतं; आपलं नुकसान झालेलं असताना वर मजुरीही मोजायची, हे कळायला दुसऱ्यांदा विचारावं लागतं.