एकादशीची खिचडी आणि सोमेश्वराचे ताट

मध्ययुगीन माणसाची जीभ आपल्याहून निराळी होती काय? ग्रंथ उघडले की हा प्रश्न सोपा वाटतो. आमच्या निरवांगीच्या पंगतीला बसले की अवघड होतो.

ग्रंथातले आधी पाहू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ रचला. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात मांडे आहेत, उडदाची ‘इड्डरिका’ आहे आणि नदीकाठच्या शेतांतले पुष्ट काळे उंदीर भाजण्याची कृतीही आहे. निरवांगी नीरेच्या काठची. उंदरांना तोटा नाही. पण ही कृती मी गावात वाचून दाखवली, तर मंडळी पानावरून उठतील. एवढ्यावरून रुची पालटली असे कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. त्याच उंदराला राजाचा आचारी आवळा नि मीठ लावतो, इतर पदार्थांना हिंग, जिरे, मिरे घालतो. आंबट, खारट, तिखट आणि वर हिंगाचा वास: आमच्या आमटीची मागणी याहून काय वेगळी आहे? बदलली ती किळस. आणि किळस जिभेला जन्मजात नसते, समाज ती शिकवतो. (शिवाय हे राजाचे ताट. कुणब्याच्या भाकरीला असा ग्रंथकार लाभला नाही.)

गोडाचेही तेच. 1885 साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला, पुढे इंदापूर तालुक्यात ऊस पसरला, साखर कारखाने आले. सणाचे गोड रोजचे झाले. हौस जुनीच होती, ऐपत नवी.

आता उलट बाजू. भाकरी-ठेचा वाडवडिलांपासूनचा, असे आम्ही छातीठोक सांगतो. वाडवडील कुठवर मोजायचे? मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीज 1498 मध्ये कालिकतला उतरले, त्यानंतरची ती इकडची. ज्ञानेश्वर-नामदेवांनी ती चाखलीच नाही. त्यांचे तिखट मिऱ्याचे. नवख्या मिरचीने मिऱ्याची जागा घेतली आणि नावही त्याच्याच घरातले घेतले.

धर्माच्या अन्नात तरी जुने टिकावे! आषाढीला तुकोबांची पालखी आमच्या तालुक्यातून जाते. त्या एकादशीची खिचडी घ्या. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची. चौघांचेही मूळ अमेरिकेत. तूप-जिरे तेवढे आपले. वरई आणि शिंगाडा हे खरे जुने मानकरी, ते आज दुसऱ्या पंगतीला बसतात. कांदा-लसूण कटाक्षाने वर्ज्य करणाऱ्या घरांनी समुद्रापलीकडचे हे चार पाहुणे बिनतक्रार सोवळ्यात घेतले. त्याच मुलखातून आलेला टोमॅटो मात्र आमच्याकडे उपासाला अजून चालत नाही.