तारेचीं तीन कामें
(नभोवाणीवरील भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि मुलांना इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालेला मास्तर. व्हिडिओ गेमच्या यंत्राविषयीं बोलण्याचा अधिकार मला कोणीं दिला, असें आपल्यापैकीं कित्येकांस वाटेल. तो अधिकार मला एका प्रसंगानें दिला. गेल्या वर्षीं दिवेलागणीच्या वेळीं माझी थोरली बहीण आक्का निरांजन घेऊन देवघरांतून बाहेर येत होती. दिवाणखान्यांत एक तार आडवी ताणलेली होती. तिचें एक टोंक खेळाच्या यंत्रांत आणि दुसरें माझ्या नातवाच्या हातांतल्या कंट्रोलरला. आक्काचा पाय त्या तारेंत अडकला व ती पडली. मनगट मोडलें, सहा आठवडे प्लॅस्टरमध्यें गेले. नातवाला कोणी रागावलें नाहीं. त्यानें आपण होऊनच तें यंत्र जुन्या चादरींत गुंडाळून माळ्यावर टाकलें, आणि त्याचें नांवहि काढीनासा झाला. शेवटीं आक्काच मला म्हणाली, “अरे, पोरानें किती दिवस शिक्षा भोगायची? तारेवांचूनचा मिळतो म्हणतात, तो आण.”

निवड करण्याचें काम असें माझ्याकडे आलें. दुकानांत किंमती पुष्कळ कळल्या, पण कोणता घ्यावा हें कळेना. तेव्हां इतिहासाच्या मास्तरानें जें करावें तेंच मीं केलें. ही वस्तु येथवर कशी आली, तें शोधूं लागलों. त्या शोधांत एक गोष्ट ध्यानांत आली, ती अशी: नोकर काढून टाकला तरी त्याचीं कामें घरांत उरतातच. तार तीन कामें करीत होती. बोटाचा निरोप यंत्रास पोंचविणें हें पहिलें. कंट्रोलरला वीज पुरविणें हें दुसरें. आणि तो दूर जाऊं न देतां बांधून ठेवणें हें तिसरें. बिनतारी कंट्रोलरचा सारा इतिहास म्हणजे हीं तीन कामें दुसऱ्या कोणावर सोंपवितां येतील, या विवंचनेचा इतिहास होय.

आक्काच्या आधींहि पुष्कळ लोक अशा तारेंत अडखळले होते. अमेरिकेंतील झेनिथ कंपनीनें १९५० सालीं दूरचित्रवाणीचा संच बसल्या जागेवरून बदलण्याचें एक साधन काढलें. त्याला लांब तार होती, आणि तिच्यांत पाय अडकतात अशी गिऱ्हाइकांची तक्रार आली. म्हणून १९५५ मध्यें यूजीन पॉली यांनीं प्रकाशाच्या झोतानें चालणारें साधन बनविलें. पण खिडकींतून ऊन आलें कीं संच आपोआपच बदलूं लागे. १९५६ मध्यें रॉबर्ट ॲड्लर यांनीं युक्ति केली ती बहारीची. बटण दाबतांच एक लहानशी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटे व माणसाच्या कानाला ऐकूं न येणारा सूक्ष्म नाद उत्पन्न होई. त्या साधनाला सेलच लागत नसे! मग रेडिओच्या लहरी कां वापरल्या नाहींत? निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालींच न्यूयॉर्क येथें या लहरींनीं एक लहान नौका दुरून चालवून दाखविली होती. अडचण अशी होती कीं, लहरी भिंतींतून पार जातात; आपण बटण दाबावें आणि शेजाऱ्याचा संच बदलावा, असा प्रकार होण्याचें भय होतें.

घरगुती खेळाचें पहिलें यंत्र, राल्फ बेअर यांच्या कल्पनेंतून निघालेलें मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, १९७२ सालीं विक्रीस आलें. तें तारेचेंच होतें. १९८३ मध्यें जपानांत निघालेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राचे कंट्रोलर तर तारेनें कायमचेच जखडलेले होते. त्या दशकांत अवरक्त किरणांवर चालणारीं साधनें निघालीं. १९८९ मधील निन्टेन्डोच्या अशा एका साधनावर चौघे एकदम खेळूं शकत. पण हे किरण म्हणजे प्रकाशाचाच एक प्रकार; मध्यें कोणी उभें राहिलें कीं निरोप खुंटला. आमच्यासारख्या माणसांच्या वर्दळीच्या घरांत त्याचा निभाव लागणें कठीण.

पहिल्या कामाला खरा भरंवशाचा गडी मिळाला तो २००२ सालीं. निन्टेन्डोनें आपल्या गेमक्यूब यंत्रासाठीं ‘वेव्हबर्ड’ नांवाचा कंट्रोलर काढला. तो २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ-लहरींवर चाले. शेजाऱ्याशीं गोंधळ होऊं नये म्हणून त्यावर सोळा मार्गांची एक चक्री होती. जो मार्ग मोकळा सांपडेल तो घ्यावा.

या लहरींविषयीं दोन शब्द अधिक बोलतों. माझ्या लहानपणीं घरांत रेडिओ ऐकावयाचा तर पोस्टांत पैसे भरून परवाना घ्यावा लागे. वडिलांचें तें लायसन्सचें पुस्तक मला अजून आठवतें. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत अल्पशक्तीचीं साधनें विनापरवाना वापरण्याची मोकळीक भारत सरकारनें २००५ मध्यें दिली. मोकळीक आली तशी गर्दीहि आली. घरांतील वाय-फाय बहुधा याच पट्ट्यांत बोलतो, आणि मायक्रोवेव्ह भट्टीहि याच सुमाराच्या लहरी वापरते. या बाजारांत आपला निरोप हरवूं नये, याचा उपाय मात्र जुना आहे. १९४२ सालीं चित्रपटनटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना पाणतीराच्या नियंत्रणासाठीं एक पेटंट मिळालें. लहरींनीं एकाच मार्गावर न राहतां पियानोच्या पट्ट्यांइतक्या अठ्ठ्याऐंशी मार्गांवर उड्या मारीत जावें, म्हणजे शत्रूस त्या अडवितां येणार नाहींत, ही त्यांतील कल्पना. ब्लूटूथमध्यें हेंच तत्त्व आहे; तो एकुणऐंशी मार्गांवर सेकंदास सोळाशें उड्या मारूं शकतो. युद्धासाठीं निघालेला विचार मुलांच्या खेळांत असा उपयोगी पडला.

निरोप नुसता पोंचून भागत नाहीं. तो वेळेवर पोंचला पाहिजे. पडद्यावरील चित्र बहुधा सेकंदास साठ वेळां बदलतें. निरोपास क्षणाचाहि उशीर झाला तर चेंडू निघून गेलेला असतो. मात्र हा दोष पुष्कळदां कंट्रोलरचा नसून दूरचित्रवाणीच्या संचाचा असतो. संचांत खेळासाठीं निराळी सोय असल्यास ती चालू करून पाहावी.

आतां दुसरें काम, विजेचें. वेव्हबर्ड दोन पेन्सिल सेलांवर पुष्कळ तास चाले. पण वीज वांचविण्यासाठीं त्यांतून हाताला जाणवणारा कंप काढून टाकला होता. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्यें सेल किंवा भारित होणारी बॅटरी, दोन्ही चालत. २००६ च्या प्लेस्टेशन ३ च्या कंट्रोलरमध्यें बॅटरी आंतच बसविलेली होती. हा भेद गृहस्थानें ध्यानांत ठेवावा. आंतली बॅटरी सोयीची खरी, पण ती कांहीं वर्षांनीं थकते आणि बदलण्यास कारागीर लागतो; शिवाय ती भरतांना खेळत बसलें तर तार पुन्हां दिवाणखान्यांत येते! सेल मात्र लहान मूलहि बदलूं शकतें. पुन्हां पुन्हां भरतां येणारे सेल घेतले म्हणजे कचराहि कमी.

तिसऱ्या कामाचा विसर पडल्यास काय होतें, तें २००६ सालीं दिसलें. निन्टेन्डोच्या ‘वी’ यंत्राचा बिनतारी कंट्रोलर हातांत धरून खेळाडू खराच हात फिरवीत. कित्येकांच्या हातून तो निसटला. मनगटाला बांधावयाची दोरीच तुटूं लागली. त्या वर्षाच्या डिसेंबरांत कंपनीनें सुमारें बत्तीस लक्ष दोऱ्या बदलून अधिक जाड दोऱ्या देऊं केल्या. तार गेली आणि तिच्या जागीं दोरी आली! उलट २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्समध्यें तारच अशी केलेली होती कीं, पाय अडकला तर ती मध्यें सुटावी. आमच्या घरीं तसली तार असती, तर आक्का कदाचित् सांवरली असती.

आणखी एक दोष तारेशीं संबंध नसलेला. कंट्रोलरची लहान दांडी झिजून, हात न लावतांहि खेळांतला गडी एका बाजूस सरकूं लागतो. जुन्या रेडिओचें आवाजाचें बटण झिजून खरखरतें, तसाच हा प्रकार. दोन्हींत घासणारी पट्टी असते. एडविन हॉल यांनीं १८७९ मध्यें शोधलेल्या चुंबकीय परिणामावर चालणाऱ्या दांड्यांत तसें घासणें नसतें. सेगाच्या ड्रीमकास्ट यंत्रांत, १९९८ मध्यें, अशीच दांडी होती. आज ती पुन्हां मिळूं लागली आहे.

म्हणून दुकानांत जाल तेव्हां रंग व रूप पाहण्याआधीं पुढील प्रश्न विचारा. हा आमच्याच यंत्राशीं बोलतो काय? एका कंपनीचा कंट्रोलर दुसरीच्या यंत्रावर बहुधा चालत नाहीं. वीज संपली तर काय करावयाचें? हातांतून निसटण्याचें भय आहे काय? दांडी घासणारी कीं चुंबकाची? आणि सर्वांत आधीं तो मुलाच्या हातीं देऊन पाहा. पंजा लहान असेल तर मोठा कंट्रोलर कितीहि उत्तम असला तरी निरुपयोगी.

मीं पेन्सिल सेलांवर चालणारा घेतला. सेल भरून ठेवण्याचें काम नातवाकडे आहे. यंत्र माळ्यावरून खालीं आणावयास तो सहज तयार नव्हता. आक्कानेंच स्टूल आणून ठेवलें, तेव्हां तो चढला. तिचें मनगट थंडींत अजून दुखतें. दिवाणखान्यांत आतां तार नाहीं, तरी निरांजन घेऊन आक्का बाहेर येतांना दिसली कीं तो खेळ थांबवितो आणि ती पलीकडे जाईपर्यंत जमिनीकडे पाहत राहतो. खेळ थांबवूं नको, असें मीं त्याला एकदांहि म्हटलेलें नाहीं.